रोजचा एक शब्द, आपल्या गावचा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शाळेतला परिपाठ आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि प्रार्थना झाली की एक मुलगा पुढे येऊन सुविचार सांगतो, दुसरा दिनविशेष वाचतो, एखादी मुलगी म्हण सांगून तिचा अर्थ विचारते आणि शेवटी सामान्यज्ञानाचे दोन प्रश्न होतात. दहा-पंधरा मिनिटांचा हा कार्यक्रम. इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या परिसरात शिक्षिका म्हणून काम करताना मी हा परिपाठ वर्षानुवर्षं ऐकला आहे. रोज एक कण ज्ञान मिळावं ही त्यामागची कल्पना मला फार आवडते. रोज एक पैसा डब्यात टाकावा, तशी ती कल्पना आहे.

पण हे कण बहुतेक वेळा तयार पुस्तिकेतून येतात. जगातली सर्वांत लांब नदी कोणती, सर्वांत उंच शिखर कोणतं, अमुक देशाची राजधानी कोणती. मुलं धडाधड उत्तरं देतात आणि दुपारपर्यंत विसरतात. मग आम्ही एक लहानसा नियम केला. आठवड्यातून एक दिवस, शनिवारी, परिपाठातली माहिती आपल्या घराच्या उंबऱ्यावरून दिसेल अशीच असली पाहिजे. माहिती जगातली कुठलीही चालेल, पण तिची सुरुवात आपल्या गावात झाली पाहिजे. त्या शनिवारांतून मला जे मिळालं, त्यातलं थोडं आज आपल्यापुढे ठेवते.

सुरुवात आपल्या पत्त्यापासूनच करू. ‘मु. पो. भिगवण, ता. इंदापूर, जि. पुणे.’ पाकिटावर हे आपण हजार वेळा लिहिलं असेल. यातला ‘मुक्काम’ अरबी ‘मकाम’वरून आला. त्याचा अर्थ उभं राहण्याची जागा. ‘तालुका’ही अरबीच, संबंध किंवा जोडलेपण या अर्थाच्या शब्दापासून. ‘जिल्हा’ या शब्दाचं मूळ ज्या अरबी शब्दात आहे, त्याचा अर्थ बरगडी, बाजू. फारसीत कारभार करणाऱ्या राजवटींबरोबर हे शब्द आपल्या दफ्तरात आले. ‘पोस्ट’ आला इंग्रजांबरोबर. आणि ‘इंदापूर’मधलं ‘पूर’ संस्कृत. पत्त्याच्या एका ओळीत चार-पाच राजवटींची वस्ती आहे!

शिवाजीमहाराजांनी कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ रघुनाथपंतांकडून करून घेतला, हे आपण इतिहासात शिकतो. त्या कोशातले कितीतरी शब्द रुळले. पण मुक्काम, तालुका, जिल्हा मात्र जागचे हलले नाहीत. तुकोबांची पालखी दर वर्षी बारामती, इंदापूर ओलांडून पंढरीला जाते, तेव्हा वारकरीसुद्धा ‘आज मुक्काम निमगाव केतकीला’ असंच म्हणतात. एकदा माणसांच्या तोंडी बसला, की परका शब्दही घरचाच होतो.

पत्त्याच्या शेवटी पिनकोड असतो. आपण पुणे जिल्ह्यातले, पण बारामतीचा पिन ४१३१०२ आणि इंदापूरचा ४१३१०६. पुणे शहराचा मात्र ४११ ने सुरू होतो आणि सोलापूर शहराचा ४१३ ने. म्हणजे टपालखात्याच्या लेखी आपण सोलापूरच्या बाजूचे! कारण पहिले तीन आकडे जिल्हा सांगत नाहीत. टपालाची वर्गवारी कुठे होणार, ते सांगतात. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती बसवणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, आणि संस्कृतातले नामवंत कवी. कोट्यवधी पत्रं ज्या सहा आकड्यांवर घरपोच जातात, त्यांच्यामागे एक कवी आहे, हे कळलं तेव्हा वर्गातल्या मुलांनी आपापल्या वह्यांवरचा पिनकोड पुन्हा एकदा पाहिला होता.

आता भिगवणच्या मासळीबाजारात जाऊ. उजनीचं पाणी आल्यापासून हा बाजार नावारूपाला आला. इथे रोहू, कटला, मरळ, वाम या सगळ्यांबरोबर ‘चिलापी’ नावाचा मासा असतो. स्वस्त आणि चवदार म्हणून भरपूर खपतो. हॉटेलांच्या पाट्यांवरही ‘चिलापी फ्राय’ लिहिलेलं दिसतं. चिलापी म्हणजे तिलापिया. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. १९५२ साली भारतात आणला गेला. अँड्र्यू स्मिथ या स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये ‘तिलापिया’ हे शास्त्रीय नाव दिलं, ते दक्षिण आफ्रिकेकडच्या त्स्वाना भाषेतल्या एका शब्दावरून. त्या शब्दाचा अर्थ काय? तर नुसताच ‘मासा’! आफ्रिकेतला कुणी तरी ‘मासा’ म्हणाला, शास्त्रज्ञाने त्याचं लॅटिन रूप केलं, ते इंग्रजीतून भारतात आलं आणि आमच्या भीमाकाठच्या माणसाने त्याला ‘चिलापी’ करून टाकलं. कुणी त्याला अशुद्ध म्हणेल. मी म्हणेन, शब्द असेच प्रवास करतात, आणि वाटेत कपडे बदलतात.

त्याच बाजारातला रोहू पाहा. त्याचं संस्कृत नाव ‘रोहित’, म्हणजे तांबूस. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेतल्या माशांचं वर्णन केलं, त्यात या माशाला शास्त्रीय नावही ‘रोहिता’ हेच मिळालं. आणि बाजारातून निघून कुंभारगावच्या काठावर गेलात, तर हिवाळ्यात पाण्यात एका पायावर उभे असलेले फ्लेमिंगो दिसतात. त्यांचं मराठी नाव काय? तेही रोहित! पाण्याखाली एक रोहित आणि पाण्यावर दुसरा. दोघांचीही नावं त्यांच्या रंगावरून पडली. पक्ष्याचं दुसरं मराठी नाव अग्निपंख. इंग्रजी नावाचा संबंधही ज्वाळेशीच लावला जातो. गंमत म्हणजे हा रंग पक्ष्याच्या अंगचा नाही, खाण्यातला आहे. पिल्लं राखाडी असतात. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारख्या जीवांतून जी रंगद्रव्यं पोटात जातात, त्यांनी पिसं गुलाबी होत जातात. या पक्ष्यांची मोठी वीण कच्छच्या रणात होते. आमच्या मुलांना पक्षी रोजचेच. पण ‘रोहित’ हे वर्गातल्या मुलाचं, आजोबांच्या जाळ्यातल्या माशाचं आणि पाहुण्या पक्ष्याचं एकच नाव आहे, हे कळल्यावर वर्गातल्या रोहितची कॉलर ताठ झाली, ती आठवडाभर तशीच होती.

भिगवणला राहायचं आणि पाण्याचे आकडे समजायचे नाहीत, असं चालत नाही. पावसाळ्यात बातम्यांत ऐकतो, दौंडहून उजनीत इतके क्युसेक विसर्ग. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. साधारण दोन हंडे पाणी. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. या दोघांचा मेळ घालायचा असेल, तर एक आकडा लक्षात ठेवा : साडेअकरा हजार क्युसेक पाणी अखंड चोवीस तास वाहिलं, की धरणात एक टीएमसीची भर पडते. एवढं माहीत असलं की बातमी ऐकून घरबसल्या हिशेब करता येतो.

आणि मग उन्हाळ्यात आपण म्हणतो, ‘उजनी मायनसमध्ये गेली.’ बाहेरगावच्या पाहुण्याला हे ऐकून नवल वाटतं. धरणात पाणी उणे कसं असेल? उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी पाणी दरवाजांच्या पातळीखाली राहतं. त्याला मृतसाठा म्हणतात. टक्केवारी काढली जाते ती फक्त वरच्या उपयुक्त साठ्याची, सुमारे साडेत्रेपन्न टीएमसीची. म्हणजे उजनी ‘शून्य टक्के’ असते, तेव्हासुद्धा निम्म्याहून अधिक पाणी आतच असतं. त्याच्याही खाली गेलं, की मायनस. ‘मृत’ म्हटलेल्या या साठ्यावर उन्हाळ्यात किती गावांचे नळ आणि किती शेतं जगतात, ते काठावरच्यांना विचारावं. नावाने मृत, पण कामाने जिवंत असा हा एकच साठा असावा.

उजनी मायनसमध्ये खोल गेली, की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर पाण्याबाहेर येतं. २०२४ च्या उन्हाळ्यातही ते उघडं पडलं होतं आणि लोक होड्यांतून, चिखलातून पाहायला गेले होते. जुनं मंदिर म्हटलं की आपण लगेच ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाद्री हा तेराव्या शतकातला, देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. पण चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून मंदिरं बांधण्याची रीत त्याच्याही आधीची आहे. तेव्हा प्रत्येक हेमाडपंती मंदिर हेमाडपंतांनीच बांधलं, असं समजू नये. अंगावरची खूण पाहून आपण कुळाचं नाव देतो, तसा तो शब्द आहे.

आणि पळस? पळसाला पानं तीनच, ही म्हण आपण सगळे वापरतो. कुठेही जा, मूळ स्वभाव किंवा परिस्थिती तीच, असा तिचा अर्थ. पळसाचं पान म्हणजे तीन पर्णिकांचं एक संयुक्त पान. त्याच्या पत्रावळ्या करतात आणि फुलांचा केशरी रंग होळीला वापरतात. ज्या लढाईने इंग्रजांचं बस्तान बंगालमध्ये बसलं, ती २३ जून १७५७ ची प्लासीची लढाई. प्लासी म्हणजे बंगालमधलं ‘पलाशी’, पळसावरून नाव पडलेलं गाव. आपला पळसदेव आणि इतिहासाच्या पुस्तकातली प्लासी एकाच झाडाखाली उभी आहेत. परीक्षेत प्लासीचं साल विसरणारी मुलं हे झाड विसरली नाहीत, आणि झाडामागून साल आपोआप आलं.

बारामतीला गेलो तर मोरोपंतांना टाळून पुढे जाता येत नाही. जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. आयुष्य गेलं बारामतीत आणि १७९४ मध्ये देह ठेवला तोही तिथेच. त्यांनी रामकथा कितीतरी परींनी लिहिली, त्यात एक आहे ‘निरोष्ठ रामायण’. निरोष्ठ म्हणजे ओठ न लावता म्हणायचं. प, फ, ब, भ, म ही अक्षरं त्यात येऊ द्यायची नाहीत. आता विचार करा. ‘राम’ या नावातच म आहे! म्हणजे रामाची कथा सांगायची, पण ‘राम’ म्हणायचं नाही. ‘बारामती’ म्हणायचं नाही, ‘भीमा’ म्हणायचं नाही, आणि ‘भिगवण’ तर नाहीच नाही. संस्कृतात दंडीने ‘दशकुमारचरिता’त असाच एक भाग लिहिला आहे, तिथे बोलणाऱ्याचा ओठ दुखावलेला असतो, म्हणून तो ओष्ठ्य अक्षरं टाळून बोलतो. आम्ही वर्गात खेळ केला : ओठ न मिटता स्वतःची ओळख एका वाक्यात करून द्यायची. ‘माझं नाव’ या पहिल्याच शब्दावर सगळे अडखळले. दहा मिनिटांत मुलांना ओष्ठ्य, दंत्य, तालव्य ही व्याकरणातली नावं कळली, ती एरवी दहा तासांत कळली नसती. आणि असं पुस्तकच्या पुस्तक लिहिणारा माणूस आपल्यापासून पाऊण-एक तासाच्या वाटेवर राहत होता, हेही कळलं.

श्रोतेहो, आतापर्यंत सांगितलं ते सगळं पुस्तकांत, कोशांत मिळेल. आज नाही तर उद्या शोधता येईल. आता जे सांगणार आहे, त्याचं तसं नाही.

एका शनिवारी एका मुलीने वर्तमानपत्रातला शब्द आणला, ‘थारोळं’. अपघाताच्या बातमीत आपण वाचतो, ‘रक्ताच्या थारोळ्यात पडला होता.’ तिने विचारलं, “बाई, थारोळं रक्ताचंच असतं का? पाण्याचं नसतं?” मी म्हटलं, घरी आजीला विचार. सोमवारी ती आजीलाच घेऊन आली. आजी वर्गात बसल्या आणि म्हणाल्या, “अगं, थारोळं पाण्याचंच. मोटंचं.” आणि मग त्यांनी मोट सांगितली. विहिरीच्या काठावर जिथे मोट उपडी होऊन पाणी पडतं, ती दगडी कुंडी म्हणजे थारोळं. तिथून पाणी पाटाने शेतात जातं. बैल ज्या उतारावरून पुढे जातात, ती धाव. मोट ओढणारा जाड दोर तो नाडा, आणि मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. मोट हाकताना माणसं गाणी म्हणायची. आजींनी हाताने हवेत दोर धरून दाखवला, बैल मागे कसे सारायचे तेही दाखवलं. वर्गातल्या चाळीस मुलांपैकी एकानेही मोट पाहिलेली नव्हती. त्यांच्या शेतात इलेक्ट्रिक मोटार होती, स्टार्टर होता, फुटव्हॉल्व्ह होता. मोटेबरोबर डझनभर शब्द गेले आणि त्यातला एकच उरला, तोही रक्ताच्या बातमीत. ज्या शब्दात पाणी खेळत होतं, त्यात आता फक्त अपघात दिसतो.

ही गोष्ट मोटेपुरती असती, तर काळाचा नियम म्हणून सोडून देता आली असती. कुठल्याही गावात अवजारं बदलतात. पण आमच्या भागात अवजारांबरोबर गावंही गेली. उजनी १९८० मध्ये पूर्ण झाली. पाणी चढलं तशी भीमाकाठची गावं उठली, वर नव्या गावठाणात वसली. त्यातून इंदापूर तालुक्याला ऊस मिळाला, मासळी मिळाली, पक्षी मिळाले. हे मोलाचंच आहे. पण पाण्याखाली गेली ती नुसती घरं आणि जमिनी नव्हेत. नदीच्या प्रत्येक डोहाला नाव होतं. जिथून पायी नदी ओलांडायची, त्या उताराला नाव होतं. काठच्या मळईच्या पट्ट्यांना, पाणंदींना, आमराईतल्या झाडांना नावं होती. ही नावं कुठल्या सातबाऱ्यावर नाहीत, की शब्दकोशात नाहीत. ती फक्त माणसांच्या तोंडी होती, आणि आता त्यांचा उपयोगच उरला नाही म्हणून तोंडातूनही गेली.

दुष्काळाच्या एका वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाला त्याच्या आजोबांनी उघड्या पडलेल्या जुन्या गावठाणात नेलं होतं. त्यांनी त्याला घराचा चौथरा दाखवला, गाळाने भरलेली विहीर दाखवली आणि मग चिखलाच्या सपाट माळाकडे बोट करून एकामागून एक नावं सांगितली. मुलगा शाळेत येऊन म्हणाला, “बाई, तिथं काहीच नव्हतं, पण आजोबांना सगळं दिसत होतं.” मी त्याला ती नावं लिहून आणायला सांगितलं. अकरा नावं आली. त्या वहीच्या पानाइतकं महत्त्वाचं सामान्यज्ञान आमच्या शाळेत दुसरं आलं नसेल. कारण त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

आज हिशेब करून पाहा. १९८० मध्ये जो वीस वर्षांचा तरुण होता, तो आज पासष्टी ओलांडून गेला. जुन्या नदीकाठी ज्यांनी संसार केला, ती माणसं ऐंशीच्या पुढे आहेत. जगातल्या सर्वांत लांब नदीचं नाव पुढच्या वर्षीही पुस्तकात मिळेल. भीमेच्या डोहाचं नाव पुढच्या वर्षी मिळेलच, असं सांगता येत नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. घरात एक वही ठेवा. मुलांना आठवड्याला एक शब्द किंवा एक नाव घरातल्या थोरांना विचारून लिहू द्या. पण लिहिताना तीन गोष्टी पाळा. कुणी सांगितलं आणि कधी सांगितलं, ते शेजारी लिहा. शब्द असेल तर कोशात पाहा; मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून निघाला, आणि हे दोन्ही आज संगणकावरसुद्धा पाहता येतात. कोशात नसेल तर निराश होऊ नका, उलट तो शब्द अधिक जपून लिहा. आणि तिसरी गोष्ट, फार गोड गोष्टीवर लगेच विश्वास ठेवू नका. अमुक राजा इथे थांबला, अमुक म्हणाला आणि गावाला हे नाव पडलं, अशा कथा प्रत्येक गावाला असतात. मोबाइलवर तर रोज येतात. कथा म्हणून त्या जरूर लिहा, पण वर ‘कथा’ असं लिहा. ज्ञान आणि कथा दोन्ही हव्यात. त्यांची गाठोडी तेवढी वेगळी ठेवावीत.

वही भरली, की तिची एक प्रत शाळेत द्या, एक गावच्या वाचनालयात द्या. त्यात व्याकरणाच्या चुका असल्या तरी चालेल. ‘चिलापी’ लिहिलंत तरी चालेल, ‘मोटंचं’ लिहिलंत तरी चालेल. जसं बोललं गेलं तसंच लिहा.

आणि सुरुवात कुठून करायची, असं वाटत असेल, तर आज रविवार आहे. दुपारी घरातली मोठी माणसं जेवून निवांत बसतील. त्यांना एवढंच विचारा, “तुमच्या लहानपणी नदीला कुठून उतरायचे?” आणि हातात पेन तयार ठेवा.